राहणाऱ्याच्या हाती

दिवाळीच्या तोंडावर मराठी माणूस आपल्या घराकडे जितक्या बारकाईने पाहतो, तितक्या बारकाईने वर्षभरात कधी पाहत नाही. माळा उतरवला जातो, रंगारी बोलावला जातो, आणि कपाट हलवले की भिंतीतली ओल, घट्ट बसलेली खिडकी, स्लॅबला गेलेली चीर एकदम समोर येते. घर बांधून संपत नाही, ते चालवावे लागते, हे या आठ-पंधरा दिवसांत घरोघरी कळते. पर्यावरणपूरक घरांसाठी आखलेल्या सरकारी धोरणात मात्र ही जाण पुरेशी उतरलेली नाही, असे आमचे म्हणणे आहे. अनुदान, करसवलत, सक्ती, स्वस्त कर्ज, मानांकन अशी बरीच साधने सरकारपाशी असतात. त्यांतल्या ज्या साधनावर महाराष्ट्राने मोठी भिस्त ठेवली, ते बांधणाऱ्याला बक्षीस देते, आणि तेही त्या घरात कोणी एक उन्हाळा काढण्याआधी.

हे साधन म्हणजे वाढीव एफएसआय, म्हणजेच भूखंडावर ठरलेल्या मर्यादेपेक्षा जादा बांधकामाचा हक्क. मुंबई वगळता बहुतेक राज्याला लागू असलेल्या २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीत हरित इमारतीला मूळ चटईक्षेत्रावर ३, ५ किंवा ७ टक्के जादा बांधकामाची मुभा आहे. ‘गृह’ किंवा ‘आयजीबीसी’ यांसारख्या पद्धतींचे मानांकन जितके वरचे, तितकी टक्केवारी जास्त. मूळ चटईक्षेत्र दहा हजार चौरस मीटर असेल तर ७ टक्के म्हणजे ७०० चौरस मीटर, साधारण डझनभर सदनिका. कबूल केलेले मानांकन मिळाले नाही तर दंडाची तरतूदही आहे, म्हणजे नियम करणाऱ्यांनी विचार केलाच नाही असे म्हणणे अन्यायाचे ठरेल. पण हा सगळा हिशेब इमारत उभी राहण्यापुरता आहे. मानांकनाला मुदत असते, वाढलेल्या मजल्याला नसते. पाचव्या वर्षी सांडपाणी प्रक्रिया केंद्र बंद पडले, टँकर सुरू झाले, गच्चीवरचे सौरबंब गंजले, तरी विकलेल्या सदनिका परत घेता येत नाहीत. शिवाय भिंत कशाची, खिडकी कुठे, सज्जा किती बाहेर हे बिल्डर ठरवतो, आणि त्या निर्णयांमुळे येणारे विजेचे बिल पुढची चाळीस वर्षे दुसराच कोणी भरतो. ज्याचा खर्च त्याचा लाभ नाही, ज्याला लाभ त्याला निर्णय नाही. ही गाठ एफएसआयने सुटत नाही, उलट आणखी आवळली जाते.

मोबदला बांधकामाच्या क्षेत्रफळात मोजला की काय होते, याचा पुरावा मुंबईत गोवंडी-मानखुर्द भागात उभा आहे. प्रकल्पग्रस्तांसाठी तिथे वसाहती उभारल्या गेल्या, तेव्हा बिल्डरांना मोबदला टीडीआरच्या, म्हणजे दुसरीकडे वापरता येणाऱ्या बांधकामहक्काच्या रूपात मिळाला. जितकी घरे तितका हक्क. नटवर पारेख आणि लल्लुभाई कंपाउंड इथल्या इमारती एकमेकींपासून जेमतेम तीन मीटरवर आल्या. ‘डॉक्टर्स फॉर यू’ या संस्थेने आयआयटी मुंबईच्या साथीने या वसाहतींचा अभ्यास केला. तो २०१८ मध्ये पुढे आला. उजेड आणि वारा न पोचणारे खालचे मजले आणि क्षयरोग यांचा संबंध त्यात स्पष्ट दिसला. झोपडीतून पक्क्या घरात गेलेल्या कुटुंबांना पत्ता मिळाला, नळ मिळाला, आणि दिवसाही दिवा लावावा लागेल असा अंधार मिळाला. टिकाऊ घर म्हणजे सौरपट्ट्या आणि झाडांच्या कुंड्या नव्हेत. उन्हाची तिरीप आणि वाऱ्याची झुळूक खालच्या मजल्यावर पोचते की नाही, हा त्याचा पहिला निकष आहे.

यावर एक उत्तर नेहमी दिले जाते: एफएसआय देताना तिजोरीतून पैसा जात नाही, मग त्यात वाईट काय? पैसा जात नाही हे खरे, पण किंमत जाते. ती शेजारच्या इमारतीच्या उजेडातून, आधीच अपुऱ्या जलवाहिनीतून आणि अरुंद रस्त्यातून वसूल होते. अर्थसंकल्पात ओळ नसल्यामुळे तिच्यावर विधानसभेत चर्चाही होत नाही.

उलट, घरमालकाच्या हाती पैसा दिला की काय होते, याचा एक मोठा प्रयोग महाराष्ट्राने स्वतःच केला आहे, आणि आपण तो जवळजवळ विसरलो आहोत. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात सुमारे आठ हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे मातीचे माळवद हेच मृत्यूचे कारण ठरले. त्यानंतर सरकारने दोन वाटा धरल्या. सर्वाधिक उद्ध्वस्त झालेली ५२ गावे नव्या जागी उभारून दिली; लातूर-उस्मानाबाद आणि आसपासच्या जिल्ह्यांतल्या इतर जवळपास दोन लाख घरांसाठी दुरुस्ती आणि मजबुतीकरणाचे साहाय्य टप्प्याटप्प्याने थेट मालकाला दिले, जोडीला अभियंत्यांचा सल्ला आणि गवंड्यांना प्रशिक्षण. नवी गावे मजबूत झाली, पण तिथे आखीव चौकोनी रांगा आणि रुंद रस्ते आले. जनावरे, कडबा आणि औते कुठे ठेवायची, याचा विचार नकाशात नव्हता. मराठवाड्याच्या उन्हात काँक्रीटचा स्लॅब तापतो, माळवद तापत नसे, हेही लोकांना सोसावे लागले. दुसऱ्या वाटेवर मात्र निर्णय घरच्यांचा होता. अभियंत्यांची अपेक्षा होती की जुन्या भिंतींना बळकटी द्यावी. पुष्कळ कुटुंबांनी त्याऐवजी जुन्या घराला लागून एक भूकंपाला तोंड देणारी नवी खोली बांधली. तज्ज्ञ म्हणतील, हे उद्दिष्ट हुकले. आम्हाला तसे वाटत नाही. घाबरलेल्या माणसाला रात्री निर्धास्त झोपायला एक खोली हवी होती, आणि धान्य, कडब्यासाठी जुने घर हवे होते. मुंबईच्या मंत्रालयात बसून हा आराखडा कोणाला सुचला नसता.

याचा अर्थ सक्ती नको असा नाही. मालकाला निवड तेव्हाच असते जेव्हा विकत मिळणारे प्रत्येक घर एका किमान पातळीच्या वर असते. ती पातळी लिहून ठेवलेली आहे. केंद्राची ‘इको निवास संहिता’ डिसेंबर २०१८ मध्ये आली. भिंती आणि खिडक्यांतून आत येणारी उष्णता चौरस मीटरला १५ वॉटच्या आत असावी, आणि मुंबईसारख्या उष्ण-दमट हवेत खिडक्या-दारांचा उघडणारा भाग घराच्या कार्पेट क्षेत्रफळाच्या एक षष्ठांश असावा, असे ती सांगते. राज्याने अधिसूचना काढून आणि स्थानिक नियमावलीत उतरवून घेतल्याशिवाय अशा संहितेला दात येत नाहीत. सक्तीमुळे घरे महाग होतील, ही हरकत गंभीर आहे आणि परवडणाऱ्या घरांच्या बाबतीत ती झटकून टाकता येणार नाही. पण खिडकीची दिशा, तिच्यावरचा सज्जा, समोरासमोर उघडणारी दारे हे निर्णय नकाशावर घेतले तर खर्च फारसा वाढत नाही. वाढतो तो छताच्या आणि भिंतीच्या उष्णतारोधक थरासाठी. तिथे सरकारने घाऊक ग्राहक व्हावे. २०१४ साली सुमारे ३१० रुपयांना पडणारा एलईडी दिवा केंद्राच्या उजाला योजनेच्या घाऊक खरेदीमुळे दोन-अडीच वर्षांत ४० रुपयांच्या आत आला. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांचे धोरण आणून ६०० चौरस यार्डांपेक्षा मोठ्या निवासी इमारतींना उष्णता परतवणारे छत बंधनकारक केले, लहान घरांना ते ऐच्छिक ठेवले. चंद्रपूर-नागपूरच्या उन्हाळ्याला याहून वेगळे औषध लागेल असे नाही. दिवाळीला भिंतींवर फिरणारा चुन्याचा कुंचला गच्चीवरही फिरला, तर वरच्या मजल्याला मे महिन्यात फरक कळतो.

राहणाऱ्यापर्यंत पोचणारे साधन आपल्याकडे अगदीच नाही असेही नाही. पुणे महापालिका सौर ऊर्जा, पर्जन्यजल संधारण, गांडूळखत यांपैकी एक व्यवस्था असलेल्या मिळकतीला सर्वसाधारण करात ५ टक्के आणि दोन किंवा अधिक असल्यास १० टक्के सवलत देते. रक्कम छोटी आहे. पण ती दरवर्षी मिळते, कर भरणाऱ्याला मिळते, आणि व्यवस्था बंद पडली तर काढून घेता येते. हे तिन्ही गुण एफएसआयमध्ये नाहीत. या सवलतीची उणीव अशी की ती मालकाला मिळते, भाडेकरूला नाही. आणि भाड्याच्या घरात उकाडा सोसतो तो भाडेकरूच. त्याच्यासाठी सवलतीपेक्षा माहिती महत्त्वाची. फ्रीज आणि एसी घेताना आपण तारे मोजतो. घरांसाठीही ऊर्जाबचतीचे लेबल ऊर्जा दक्षता ब्युरोने २०१९ मध्ये आणले, पण ते ऐच्छिक असल्याने सदनिकेच्या जाहिरातीत क्वचितच दिसते.

बांधणाऱ्याचे बक्षीस राहणाऱ्याच्या लाभाशी जोडण्यासाठी नवा कायदा करण्याचीही गरज नाही. घरबांधणी व्यवसायाचे नियमन करणाऱ्या रेरा कायद्याने बांधकामातल्या रचनात्मक दोषांची जबाबदारी ताबा दिल्यापासून पाच वर्षे बिल्डरवर टाकली आहे. हरित इमारतीचा वाढीव एफएसआय चालू ठेवायचाच असेल, तर त्याच्या मूल्याचा एक भाग अनामत म्हणून याच पाच वर्षांसाठी अडकवून ठेवावा, आणि प्रक्रिया केंद्र, सौरसंच आणि पाणी जिरवण्याचे खड्डे चालू आहेत असे सोसायटीच्या वार्षिक सर्वसाधारण सभेने लिहून दिल्यावरच दरवर्षी हप्त्याने सोडावा. बिल्डर म्हणतील, सोसायटी मुद्दाम अडवेल. तो धोका आहे, म्हणून वाद झाल्यास तपासणी महापालिकेच्या अभियंत्याने करावी. आणि महारेराच्या संकेतस्थळावर प्रत्येक प्रकल्पाच्या पानावर जिथे आज कार्पेट क्षेत्रफळ लिहावे लागते, तिथेच खाली आणखी एक ओळ असावी: या घराच्या भिंती आणि खिडक्यांतून चौरस मीटरला किती वॉट उष्णता आत येते.