हजेरीपटातील कसूर कोणाची?

शिकलेल्या आणि मिळवत्या स्त्रीवर घरात हात उगारला जात नाही, अशी आपल्या मध्यमवर्गाची समजूत आहे. आणि डॉक्टर, प्राध्यापिका किंवा बँकेतील अधिकारी असलेल्या स्त्रीला ही समजूतच फार महाग पडते, कारण ‘एवढी शिकलेली, आणि तरी सोसते?’ हा प्रश्न कानी पडू नये म्हणून ती आपले दुःख कोणापाशीही उघड करीत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी पतीकडून शारीरिक अथवा लैंगिक अत्याचार सोसल्याचे सांगितले. अशी हिंसा वाट्याला आलेल्या स्त्रियांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्यांचे प्रमाण मात्र अवघे १४ टक्के भरले.

जे ती सांगत नाही, ते कचेरीच्या दप्तरी निराळ्या नावांनी दाखल होत असते. रात्रभर चाललेल्या मारझोडीची नोंद सकाळी ‘उशिरा हजर’ अशी होते. चेहऱ्यावरचे वळ उतरेपर्यंत घरी राहिलेली स्त्री ‘विनापरवाना गैरहजर’ ठरते. पतीच्या अखंड दूरध्वनींचे पर्यवसान गोपनीय अहवालातील ‘कामात लक्ष नाही’ या शेऱ्यात होते. तिच्या पगारावर ताबा ठेवणे, तिच्या नावावर कर्जे काढणे आणि ती हाताबाहेर जाते आहे असे दिसताच तिची नोकरीच घालविणे, हा ज्या पुरुषाचा क्रम, त्याचे शेवटचे कार्य अशा वेळी कचेरी अजाणता आपल्या शिक्क्यानिशी सिद्धीस नेते.

कायदा या बाबतीत मुका नाही. २६ ऑक्टोबर २००६ पासून अंमलात असलेल्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याने आर्थिक छळालाही हिंसा मानले आहे. पीडित स्त्रीच्या नोकरीच्या ठिकाणी प्रवेश करण्यास प्रतिवादीला मनाई करण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला दिला आहे. आणि सद्भावनेने संरक्षण अधिकाऱ्याला खबर देणाऱ्या कोणाही इसमावर दायित्व येणार नाही, अशी तजवीज केली आहे. परंतु मनाईहुकूम न्यायालयात निघतो आणि त्याची कसोटी फाटकावर लागते, जिथे दरवानाला त्याची वार्ताही नसते. २०१३ च्या कायद्याने स्थापन झालेली अंतर्गत समिती कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळापुरती. पतीच्या वर्तनाची चौकशी तिच्या कक्षेबाहेरची.

‘हा घरचा मामला’ असे म्हणून मालकवर्ग हात झटकतो. पण बाळंतपण तरी कोठे कारखान्यातला मामला होता? १९२८ साली मुंबईच्या विधिमंडळात प्रसूतिभत्त्याच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, स्त्रीच्या श्रमाचा लाभ घेणाऱ्या मालकाने या खर्चाचा काही भार उचलणे न्याय्यच आहे, असे प्रतिपादन केले; पुढल्याच वर्षी मुंबई इलाख्यात तो कायदा झाला, आणि आज सव्वीस आठवड्यांच्या पगारी रजेने कोणी आश्चर्यचकित होत नाही. फिलिपाइन्सने २००४ मध्ये आणि न्यूझीलंडने २०१९ पासून कौटुंबिक हिंसेने पीडित कर्मचाऱ्याला दहा दिवसांच्या पगारी रजेचा हक्क दिला, तो याच न्यायाने.

आपल्याकडील आस्थापनांनी कायद्याची वाट पाहण्याचे कारण नाही. वकील, पोलीस चौकी, दवाखाना यांसाठी थोडी पगारी रजा, आणि तीही पुराव्याचा तगादा न लावता. पगाराचे खाते गुपचूप बदलण्याची मुभा. तिचा पत्ता, पाळी वा बदलीचे ठिकाण नवऱ्यालाही न सांगण्याचा सक्त शिरस्ता. फाटकावर मनाईहुकुमाची प्रत. आणि १८१ हा मदतीचा क्रमांक प्रसाधनगृहात लावलेला, एवढ्याला फारसा खर्च येत नाही. मात्र वरिष्ठांनी मध्यस्थी करून नवऱ्याला चहाला बोलावण्याचा आणि समेट घडविण्याचा मोह टाळलाच पाहिजे. फिर्याद करावी की नाही, घर सोडावे की नाही आणि केव्हा, याचा निर्णय सर्वस्वी तिचा असावा, कारण त्या निर्णयाची जोखीम तिलाच भोगावयाची आहे.

याचा दुरुपयोग होईल, ही शंका प्रत्येक रजेच्या वेळी निघते आणि प्रत्येक वेळी रजेचे नियम करून तिचे निरसन होते. संसारातील वादाचा निवाडा कचेरीने करू नये, हे खरे. परंतु हजेरीपटावर जी कसूर दिसते ती खरोखर त्या स्त्रीचीच आहे काय, एवढे एकांतात, विश्वासाने विचारल्यावाचून तिचा एका दिवसाचाही पगार कापण्याचा नैतिक अधिकार कोणत्याही मालकाला पोहोचत नाही.