जावयाची गळाची काठी

गेल्या उन्हाळ्यात मी लेकीकडे टेक्सासला होते. जावई दर शनिवारी तळ्यावर बास धरायला जातात. बास म्हणजे तिकडचा गोड्या पाण्यातला मासा, भारी झुंजार. सामान उतरवताना मी गाडीचं दार धाडकन लावलं नि त्यांच्या लाडक्या काठीचे दोन तुकडे! "असू दे हो आई," म्हणाले बिचारे. पण मला घास गोड लागेना.

दुसऱ्या दिवशी लेकीबरोबर दुकान गाठलं. तुकडे नेले हे बरं झालं. काठीची सगळी कुंडली मुठीच्या वरच छापलेली असते: लांबी ७ फूट, ताकद 'मीडियम हेवी', वाक 'फास्ट', दोरी १२ ते २० पौंडांची. 'फास्ट' म्हणजे काठी टोकाशीच वाकते, त्यामुळे झटका देताच गळ रुततो. पाणगवतातनं मासा ओढायचा, तर ताकद हवीच. रीळ वर बसणारं की खाली लटकणारं, तेही बघावं. दोन्हींच्या काठ्या वेगळ्या. ग्रॅफाइटची काठी हलकी, मासा नुसता चाटून गेला तरी हाताला कळतं. ग्लासफायबरची जड, पण सोशीक. (सासू माझ्यासारखी असेल तर तीच घ्यावी!)

मी निळ्या रंगावर भाळले होते. लेक म्हणाली, "आई, साडी नव्हे ती!"

शेवटी जुन्यासारखीच ग्रॅफाइटची घेतली. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, तेव्हा ढग गडगडले की काठी खाली ठेवून आडोशाला जायचं, हे जावयांना दोनदा बजावलं. आता काठी गाडीत ठेवायच्या आधी ते मला घरात बसवतात.