लेख न्या, पण लेखक पुसू नका!

एका संकेतस्थळावरचा लेख उचलायचा आणि दुसऱ्यावर चिकटवायचा, हा प्रकार आता सर्रास झाला आहे. लेखकाला विचारून लेख अधिक वाचकांपर्यंत जात असेल, तर आमचा विरोध नाही. पण चिकटवताना लेखकाचे नाव गळते आणि जुन्या लेखावर आजची तारीख चढते, याला आमचा ठाम विरोध आहे.

यात यंत्राचा दोष नाही. २००३ साली आलेल्या वर्डप्रेसमध्ये आज निर्यात-आयातीची सोय आहे. निर्यातीच्या फाईलमध्ये लेखाबरोबर लेखकाचे नाव, मूळ तारीख, वर्गवारी आणि वाचकांच्या प्रतिक्रियाही जातात. छायाचित्रांचे मात्र केवळ पत्ते जातात. आयात करताना जोडलेल्या फाईली उतरवून घेण्याच्या चौकटीत खूण केली नाही, तर छायाचित्रे जुन्याच जागी राहतात. ते संकेतस्थळ बंद पडले की तीही गेली! जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमधला मराठी मजकूर तर आधी युनिकोडमध्ये आणावा लागतो. नाहीतर वाचकाच्या हाती निरर्थक चिन्हे पडतात.

१९५७ च्या प्रताधिकार कायद्याचे ५७ वे कलम सांगते की, हक्क विकले तरी लेखक म्हणून नाव सांगण्याचा अधिकार लेखकाकडेच राहतो. मग एक पैसाही न घेता लिहिणाऱ्याचे नाव पुसण्याचा अधिकार संकेतस्थळ चालविणाऱ्यांना कोणी दिला? लेखासोबत लेखकाचे नाव, मूळ तारीख आणि मूळ पत्ता गेलाच पाहिजे. लेख घ्यायचा आणि नाव गाळायचे, ही वेठबिगारीच होय!