फुकटची वीज

भाऊबीजेला नवापूरला जायचा आमचा नेम फार वर्षांचा. ताईचे घर तिथे. नवापूर म्हणजे महाराष्ट्राचा अगदी उंबरठा. १९६० साली मुंबई राज्याची वाटणी झाली आणि सीमारेषा रेल्वे स्टेशनातूनच गेली, त्यामुळे एकाच फलाटाचा एक तुकडा आपला व दुसरा गुजरातचा. नवराबायको एका बाकावर बसली तरी ती दोन राज्यांत बसलेली असू शकतात! अशा गावच्या माणसाला हिशेबाची सवय आपोआप लागते. पलीकडे कर कमी म्हणून पेट्रोल स्वस्त. तेव्हा गाडी असलेला नवापूरकर शक्यतो उच्छलच्या बाजूला जाऊन टाकी भरून येतो. आमचे भाऊजी या कलेतले उस्ताद.

गेल्या वर्षी धुळ्याला मी त्यांच्याच गाडीत बसलो. पुढे भाऊजी आणि मी, मागे ताई आणि कॉलेजात जाणारा भाचा. साक्री गेली, दहिवेल गेले आणि कोंडाईबारीचा घाट लागेपर्यंत दिवस मावळला. उतार सुरू झाला तसे भाऊजींनी गियर काढून गाडी न्यूट्रलवर सोडली आणि, मला वाटले चुकून, हेडलाइट बंद केले. समोरच्या ट्रकांच्या उजेडात आपल्याला दिसतेच आहे, असा त्यांचा युक्तिवाद. एका वळणावर पुढे बिघडून उभा राहिलेला ट्रॅक्टर दिसला तो इतक्या जवळून, की ताईच्या तोंडून नुसता ‘अहो!’ एवढाच शब्द निघाला. ब्रेक लागला, म्हणून हे सदर लिहायला मी शिल्लक आहे.

घरी पोचल्यावर ताई कुणाशी बोलेना. भाऊजी मात्र शांतपणे म्हणाले, “दिव्यांना पेट्रोल लागतं. उतारावर कशाला जाळायचं?” त्यावर भाचा उसळला, “काहीतरीच काय बाबा! इंजिन फिरतंच आहे, वीज फुकटच तयार होते.” आता या दोघांत खरे कोणाचे? फराळाचे ताट पुढे घेऊन मी पंचाची भूमिका पत्करली.

आमच्या पिढीतल्या वाचकांना सायकलचा डायनामो आठवत असेल. बाटलीसारखे ते यंत्र टायरला टेकवले की दिवा लागे, आणि त्याच क्षणी पायडल जड होई. दिव्याचा उजेड आपल्या पोटऱ्यांतून निघत असे. मोटारीतही तोच न्याय. इंजिनाच्या पट्ट्यावर आल्टरनेटर फिरतो. त्याच्यावर भार नसला तर तो बराच हलका फिरतो. जितकी वीज मागाल तितका तो जड होतो आणि तितके पेट्रोल इंजिनाला जास्त प्यावे लागते. तेव्हा भाच्याची फुकटची वीज ही निव्वळ कल्पना. एके काळी मोटारीला विजेचा एवढा सोस नव्हता. १९१२ साली अमेरिकेत कॅडिलॅक गाडीवर चार्ल्स केटरिंगचा विजेचा स्टार्टर आला, हँडल मारण्याचे कष्ट गेले, आणि बॅटरी-डायनामोची जोडी गाडीत कायमची बिऱ्हाड करून राहिली. बाकीची मंडळी, म्हणजे पंखा, गाणी, मोबाइलचा चार्जर, ही त्या बिऱ्हाडाकडे एकेक करून आलेली पाहुणे मंडळी.

पण ही वीज पडते केवढ्याला? एक लिटर पेट्रोलात सुमारे नऊ युनिटांची उष्णता असते. तिचा पाव हिस्सा किंवा थोडा अधिक इंजिनाच्या फिरण्यात उतरतो, उरलेली सायलेन्सरमधून आणि रेडिएटरमधून वाऱ्यावर जाते. फिरण्याची वीज करताना पट्टा आणि आल्टरनेटर आणखी बरेच गिळतात. हाती राहते ते जेमतेम दीड युनिट. पेट्रोल शंभर रुपये लिटर धरले, तर गाडीतली वीज युनिटाला पासष्ट-सत्तर रुपये पडली! घरचे बिल दहा रुपयांच्या आतबाहेर युनिट लावते तरी आपण वीज मंडळाच्या नावाने बोटे मोडतो.

हे ऐकून भाऊजींची कळी खुलली. “बघ, मी म्हणत नव्हतो?” मी म्हटले, थांबा, चकली संपू द्या, हिशेब अर्धाच झाला आहे.

पुढचे दोन साधे हॅलोजन दिवे पंचावन्न-पंचावन्न वॅटचे, मागचे लाल आणि नंबरपाटीचे धरून एकूण दीडशेच्या आत. तासभर जळले तर शंभर मिलिलिटरच्या आसपास पेट्रोल, म्हणजे नऊ-दहा रुपये. नव्या एलईडी दिव्यांना याच्या अर्ध्याहून कमी. मोबाइलचा चार्जर तासाला रुपयाच्या घरात. साधा रेडिओ दोन-तीन रुपयांचा. भाच्याच्या डिकीतला तो धडधडणारा डबा मात्र पूर्ण आवाजात दिव्यांपेक्षा कितीतरी अधिक खातो, हे ऐकून ताई प्रथमच हसली. एसीचा पंखा शेवटच्या आकड्यावर ठेवला की तोही दोन्ही दिव्यांइतका ओढतो.

आणि खुद्द एसी? त्याचा कॉम्प्रेसर बहुतेक पेट्रोल गाड्यांत विजेवर चालतच नाही, इंजिनाच्या पट्ट्यावरच चालतो. वीज लागते ती फक्त त्याला जोडण्या-सोडण्यापुरती. भर उन्हात तो तासाला अर्धा लिटर, कमीजास्त, पितो. एसीचा एक तास म्हणजे दिव्यांचे पाच तास. मे महिन्यात भाऊजी काचा वर करून सुरतेपर्यंत गारेगार जातात आणि तिन्हीसांजेला दिवे विझवतात! म्हाताऱ्या माणसांना उन्हाळ्यात एसी लावू नये असे माझे मुळीच म्हणणे नाही. पण सावलीत गाडी लावली, निघताना दोन मिनिटे काचा उघडून कोंडलेली हवा बाहेर जाऊ दिली, तर त्या यंत्राचे काम बरेच हलके होते. पुण्याच्या एआरएआय या १९६६ सालच्या संस्थेत गाड्यांचे जे अॅव्हरेज मोजत आले, ते रोलरवर गाडी चालवून आणि एसी बंद ठेवून. जाहिरातीतला आकडा आपल्याला का गवसत नाही, याचे एक कारण तिथेच आहे.

आता घाटाकडे या. आजच्या इंजेक्शनच्या गाड्यांत उतारावर गियर घालून अॅक्सिलरेटरवरचा पाय उचलला की इंजिनाला पेट्रोल जाणेच बंद होते. मग इंजिन फिरवतात ती चाके, आणि चाकांना फिरवतो तो उतार. अशा वेळी आल्टरनेटरची वीज खरोखरीच फुकट! म्हणजे भाच्याचे म्हणणे सगळीकडे चुकीचे असून कोंडाईबारीच्या उतारावर बरोबर ठरत होते. आणि भाऊजींनी दिवे विझवले ते नेमके जिथे दमडीही वाचणार नव्हती तिथे. वाचणार होती ती त्यांनी न्यूट्रल करून घालवली होती. कारण न्यूट्रलमध्ये इंजिन चालू ठेवायला पेट्रोल लागते, तासाला अर्धा-पाऊण लिटर, आणि इंजिनाचा गाडीला बसणारा आवरही सुटतो. सगळा भार ब्रेकवर. त्या ट्रॅक्टरच्या वेळी गाडी एवढ्या वेगात का होती, हे तेव्हा कुठे सगळ्यांच्या ध्यानात आले. भाऊजींच्या हातातला करंजीचा तुकडा तसाच राहिला.

उतार नसता, तरी त्या अर्ध्या तासात दिव्यांचे झाले असते पाच रुपये. दिव्यांची किंमत सरकारनेही करून ठेवली आहे म्हणायची: १ एप्रिल २०१७ पासून नव्या दुचाक्यांचा दिवा इंजिन चालू होताच लागतो, तो बंद करायचे बटणच नाही. थोडे पेट्रोल जाते ते जाऊ दे, समोरच्याला माणूस दिसू दे, एवढाच त्यातला विचार.

भाऊजींची दुसरी सवयही मग ओघाने निघाली. घाटात रांग लागली की गाणी ऐकण्यासाठी ते इंजिन चालू ठेवतात, बॅटरी उतरेल म्हणून. दहा-पंधरा मिनिटे रेडिओ लावून धडधाकट बॅटरी उतरत नाही. तिची वीज पुढे भरून काढावी लागतेच, पण ती थोडी; नुसते उभे इंजिन तेवढ्यात त्याच्या कितीतरी पट जाळते. आणि पेट्रोल भरण्याची ती सीमापार यात्रा? लिटरमागे नऊ रुपये वाचले आणि तीस लिटर भरले, तर दोनशे सत्तर. जाऊन-येऊन वीस किलोमीटर धरले, तर सव्वाशेच्या आसपास वाटेतच गेले. “सुरतेला जातानाच भरत जा,” मी म्हटले. त्यावर ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ओवाळणी झाली. तबकात मी पाकीट ठेवले, तर ताई म्हणाली, “हे राहू दे, यांच्याकडून दिव्यांचं तेवढं कबूल करून घे.” भाऊजींनी मान डोलावली.

परवा तिचा फोन आला. भाऊजी आता घाट गियरमध्ये उतरतात, आणि विसरवाडी यायच्या कितीतरी आधी, उजेड असतानाच दिवे लावतात. तिचा मोबाइल मात्र गाडीत चार्ज करू देत नाहीत. रुपया तासाला, असे मामाने सांगितले आहे म्हणे.