फोंड्याचं घर, इंदूरचे आई-बाबा

रजिस्ट्री झाली, मंगेशीला अभिषेक झाला, सराफ्यात बसून मित्रांना पार्टीही देऊन झाली. आता घर आहे गोव्यातल्या फोंडा तालुक्यात, आई-बाबा अजून रामबागेत नाहीतर लोकमान्य नगरात, आणि तुम्ही पुण्यात, बेंगळुरूत किंवा त्याहून लांब. निवृत्तीनंतर कुलदेवाजवळ जाऊन राहायचं, हे आपल्या मंडळातल्या बऱ्याच घरांमध्ये वर्षानुवर्षं बोललं जातं. मंगेशी, म्हार्दोळची महालसा, कवळ्याची शांतादुर्गा, रामनाथी, नागेशी, सगळी देवळं या एका तालुक्यात. (यातले मंगेश, महालसा आणि शांतादुर्गा हेही मूळचे इथले नव्हेत. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या धाकाने भक्तांनी त्यांना कुठ्ठाळी, वेर्णे आणि केळशीहून जुवारीच्या अलीकडे आणलं. तेव्हा उतारवयात बिऱ्हाड हलवणाऱ्यांना तिथे परकं वाटायचं कारण नाही.)

प्रश्न आहे तो खरेदी आणि ट्रक निघणं यांच्या मधल्या काळाचा. हा काळ बहुतेक घरांत रंगाच्या छटा निवडण्यात जातो. मुलं फोनवर फोटो पाठवतात, बाबा कंत्राटदाराशी भाव करतात, आई म्हणते तुम्हाला आवडेल ते करा. माझं म्हणणं साधं आहे. एक पावसाळा त्या घरात बघितल्याशिवाय रंगाचा डबा उघडू नका.

इंदूरला वर्षाला साधारण साडेनऊशे मिलिमीटर पाऊस पडतो, गोव्यात तीन हजारांच्या आसपास. म्हणजे आपला तीन वर्षांचा पाऊस तिथे बहुतेक जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत कोसळतो. फेब्रुवारीत बघितलेलं घर आणि जुलैतलं घर ही दोन वेगळी घरं असतात. माळव्यातल्या काळ्या मातीवरच्या घरांचं दुखणं आपल्याला माहीत आहे: उन्हाळ्यात जमीन आक्रसते, पावसात फुगते आणि भिंतीला तडे जातात. तिकडचा जांभा दगड तसा तडकत नाही, पण तो सच्छिद्र आहे, पाणी पितो. बाहेरचा गिलावा कुठे सुटला असेल तर ओल आतल्या भिंतीवर येते, रंगाचे पापुद्रे सुटतात आणि भिंतीला लोणा धरतो. उन्हाळ्यात त्यावर नवा रंग मारून घर विकलं असेल, तर ते कळायला पहिला मोठा पाऊसच लागतो.

म्हणून जुलैत आठ दिवस काढा आणि आई-बाबांना घेऊन त्या घरातच राहा, हॉटेलात नको. दोन गाद्या, एक शेगडी, चार भांडी पुरतात. कौलं असतील तर रात्री टॉर्च घेऊन वाशांकडे बघा, कुठे थेंब चमकतो ते दिसतं. वारा सुटला की झड कुठल्या खिडकीतून आत येते, पन्हळीचं पाणी कुठे पडतं, पागोळ्यांचं पाणी जोत्यापासून लांब जातं की पायाशीच मुरतं, हे वहीत लिहून ठेवा. वीज किती वेळा जाते आणि किती वेळ येत नाही, हेही. मोबाईलची रेंज घराच्या कोणत्या कोपऱ्यात मिळते? म्हाताऱ्या माणसांच्या घरात हा प्रश्न टाईल्सच्या रंगापेक्षा मोठा आहे. अंगणात माड असतील तर त्यांच्या झावळ्या आणि नारळ कुठे पडतात बघा, आणि गावातला पाडेली कोण, वर्षातून किती वेळा येतो, हे शेजाऱ्यांना विचारून घ्या. त्या विचारण्यातून शेजार सुरू होतो.

विहीर असेल तर तिचं पाणी त्या आठवड्यातच तपासायला द्या. नर्मदेच्या नळावर वाढलेल्या आपल्याला विहिरीचं फार कौतुक असतं, आणि मे महिन्यात नळाचं पाणी कमी आलं की ती कामीही येते. पण जांभ्यातून पाणी जसं विहिरीत झिरपतं, तसं सेप्टिक टँकच्या शोषखड्ड्यातूनही झिरपतं. पिण्याच्या पाण्याची विहीर आणि शोषखड्डा यांच्यात निदान 18 मीटर अंतर असावं, असा संकेत आहे. जुन्या वाडीत तो पाळलेला असेलच असं नाही, आणि कधी कधी शोषखड्डा शेजाऱ्याचा असतो. जंतू सापडले तर विहिरीचं पाणी झाडांना आणि धुण्यालाच ठेवायचं.

पावसात यादी झाली की काम लगेच काढू नका. ओल्या भिंतीवर केलेलं वॉटरप्रूफिंग आणि रंग टिकत नाही. शिवाय चवथीच्या, म्हणजे आपल्या गणेशचतुर्थीच्या, आधीचा आणि नंतरचा आठवडा तिथे गवंडी, सुतार, इलेक्ट्रिशियन कोणीही मिळणार नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा बांधकामाचा खरा हंगाम. आधी छत आणि पन्हळी, मग बाहेरच्या भिंती, मग वीज आणि नळ, मग वाळवीचं औषध, आणि सगळ्यात शेवटी रंग.

विजेबद्दल एक गोष्ट ठासून सांगतो. जुन्या घरात अर्थिंग आहे का, आणि असलं तर चालतं का, हे मीटर लावून तपासून घ्या. मुख्य बोर्डावर 30 मिलिअँपचं आरसीसीबी बसवा. भिंतीत ओल आणि अंगात पंचाहत्तर वर्षं असताना गीझरचा धक्का परवडत नाही. स्वयंपाकघराची कपाटं साध्या प्लायवूडची नकोत; आयएस 710 हा शिक्का असलेलं मरीन प्लाय घ्या. महाग पडतं, पण दुसऱ्या पावसाळ्यात दारं फुगून बसत नाहीत.

आता ज्या गोष्टीसाठी हा लेख लिहायला घेतला तिच्याकडे येतो. घर दोघांनी मिळून घेतलेलं असतं. कधीतरी त्यात एकच माणूस राहणार असतं. हे वाक्य घरात कोणी उच्चारत नाही आणि सगळ्यांच्या मनात ते असतं. बहुतेक घरांत बाबा वयाने मोठे, गाडी तेच चालवतात, बँकेचं तेच बघतात. म्हणजे प्रश्न असा आहे: या घरात आईला एकटीला राहता येईल का?

त्याची परीक्षा जुलैतच घेता येते. एक दिवस बाबांना गाडीची किल्ली खिशात ठेवायला सांगा. आईला दूध, भाजी, औषधं आणि बँक एकटीने जमते का बघा. दुकान पायी किती लांब, चढ आहे की उतार, बसचा थांबा कुठे, शेवटची बस किती वाजता. गावाकडच्या बस संध्याकाळनंतर विरळ होतात. रामबागेतून बाहेर पडलं की दोन मिनिटांत रिक्षा मिळते, त्या हिशेबाने हे गाव मोजू नका. वाटेत रिक्षा-टॅक्सीवाल्या दोघा-तिघांचे नंबर घ्या आणि ते आईच्या फोनमध्ये घाला. बाबांच्या नको. पाण्याचा मुख्य वॉल्व्ह कुठे, पंप कसा चालू करायचा, इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कधी घालायचं, हे तिने एकदा स्वतःच्या हाताने करून बघावं. घर दोघांच्या नावावर आहे ना, वीज बिल कोणाच्या नावाने येणार, बँक खातं दोघांचं आहे ना, हेही याच यादीत.

हे बोलणं कसं काढायचं, असं मला एका वाचक मुलीने विचारलं होतं. सरळ विषय काढला की बाबा हसून टाळतात आणि आई उठून चहा टाकायला जाते. तिने शेवटी वेगळी वाट धरली. आईला म्हणाली, बाबा महिनाभर माझ्याकडे येणार आहेत, तू इथे एकटी आहेस, तर घरात काय हवं? आईने पाच मिनिटांत अकरा गोष्टी सांगितल्या. पहिली होती आतून बाहेरचं दिसेल असं जाळीचं दार, आणि शेवटची होती शेजारच्या घरात वाजेल अशी घंटा. बाबांच्या यादीत त्यातली एकही नव्हती. ते सोलर पॅनेल आणि बाग यांत गुंतले होते.

शरीराची सोय कामं चालू असतानाच करून घ्यायची, नंतर फोडाफोड महाग पडते. झोपायची खोली आणि एक पूर्ण बाथरूम तळमजल्यावर हवी. बाथरूमचं दार बाहेर उघडावं, म्हणजे आत कोणी पडलं तर दार अडत नाही. दारांची मोकळी रुंदी 90 सेंटिमीटर ठेवता आली तर व्हीलचेअर अडखळत नाही. कमोडशेजारी आणि शॉवरपाशी धरायला दांडे हवेत. जांभ्याच्या जुन्या भिंतीत साधा स्क्रू भुसभुशीत बसतो, म्हणून टाईल्स लावण्याआधीच गवंड्याला जागा दाखवून मागे सिमेंट काँक्रीटचा भरीव तुकडा बसवून घ्या. फरशी चकचकीत नको. दमट हवेत ती नुसत्या वाफेने निसरडी होते. तिकडच्या घरांची जोती उंच असतात आणि पायऱ्यांना कठडा नसतो. रॅम्प करायचा तर एक फूट चढाला बारा फूट लांबी लागते, म्हणजे दोन फुटांच्या जोत्याला 24 फूट. अंगणात तेवढी जागा नसेल तर निदान पायऱ्या रुंद आणि बुटक्या करा, दोन्ही बाजूंना कठडा लावा आणि वर दिवा द्या. रात्री बाथरूमकडे जायच्या वाटेवर दिव्याचं बटण अंथरुणातून हाताला लागलं पाहिजे.

दवाखान्याचं अंतर कागदावर नाही, प्रत्यक्ष गाडीने मोजा. फोंड्यात सरकारी उपजिल्हा रुग्णालय आहे, मोठ्या गोष्टींसाठी बांबोळीचं गोवा मेडिकल कॉलेज. 108 ची रुग्णवाहिका बोलावता येते, पण ती तुमच्या पाणंदीत वळेल का? नसेल वळत, तर स्ट्रेचर कुठपर्यंत आणावं लागेल, ते पायांनी मोजून ठेवा.

लांबून काम करवून घेणाऱ्यांसाठी: व्हिडिओ कॉलवर सगळं छान दिसतं, म्हणून मोजपट्टी धरलेला फोटो मागा. भिंत बंद करण्याआधी आतल्या पाईपांचा आणि वायरींचा फोटो घेऊन ठेवा. पैसे टप्प्याटप्प्याने द्या आणि छताच्या कामाचा शेवटचा हप्ता पुढच्या जूनमधल्या चार-पाच मोठ्या पावसांनंतर देण्याचं आधीच लिहून घ्या. काही कंत्राटदार यालाच नाही म्हणतात. मग दुसरा बघा.

इंदूरचं घर लगेच विकायचं का? मनाने विचाराल तर मी म्हणेन, तिथे एक वर्ष राहून बघू द्या, तोवर इथलं अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने द्या. पण आयकराचं घड्याळ वेगळं चालतं. जुनं घर विकून झालेल्या नफ्यावर नव्या घरापोटी सूट हवी असेल, तर नवं घर जुनं विकण्याच्या आधीच्या एका वर्षात किंवा नंतरच्या दोन वर्षांत घेतलेलं असावं लागतं. तुमच्याकडे नवं आधीच घेतलेलं आहे. म्हणजे खरेदीच्या तारखेपासून एका वर्षाच्या आत इंदूरचा निर्णय करायचा. फेब्रुवारीत खरेदी झाली असेल तर जुलै बघून विचार करायला साधारण सहा महिने उरतात. सीएला आधी भेटा, दलालाला नंतर. आणि निर्णय घेताना आई-बाबांना मोकळेपणाने नाही म्हणता येईल अशी हवा घरात असू द्या. रामबागेतला चाळीस वर्षांचा शेजार सोडणं त्यांना जड जातंय आणि तुम्ही हौसेने घर सजवताय म्हणून ते बोलत नाहीत, असंही असू शकतं.

कागद थोडक्यात. रजिस्ट्रीने काम संपत नाही. मामलेदाराकडे म्युटेशन करून एक-चौदाच्या उताऱ्यावर नाव चढवा, पंचायतीत घरपट्टी, मग वीज आणि पाण्याची जोडणी. गॅसची जोडणी इथल्या वितरकाकडे सिलिंडर-रेग्युलेटर परत करून बदलीचा कागद घेऊन तिकडे न्यायची. मतदार यादीतल्या पत्त्यासाठी आता फॉर्म 8. एमपी 09 ची गाडी नेणार असाल तर इथल्या आरटीओचं ना हरकत पत्र निघण्यापूर्वी घ्या, कारण दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली की नवा नंबर लागतो. पेन्शनचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात मोबाईलवरून कुठूनही देता येतो, त्यासाठी इंदूरला यायची गरज नाही.

ट्रकमध्ये काय भरायचं आणि काय इथेच वाटून टाकायचं, विशेषतः आजीची शिसवी कपाटं, हार्मोनियम आणि माहेश्वरी साड्या त्या दमट हवेत कशा ठेवायच्या, ते पुढच्या अंकात.