कॅमेऱ्याची पगारपावती दाखवा!

वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कामगार बंधू-भगिनींनो,

पगारपावती काढा. पीटीच्या रकान्यात २०० रुपये कापलेले दिसतील, फेब्रुवारीत ३००. (२५ हजारांच्या आत पगार असलेल्या बहिणींना माफ.) ही कपात कशासाठी सुरू झाली? १९७२च्या दुष्काळात आपल्या मराठवाड्याची माणसं खडी फोडत होती, पाझर तलाव खोदत होती. त्या कामांतूनच रोजगार हमी उभी राहिली. १९७७ साली तिचा कायदा झाला. या योजनेसाठी पैसा हवा म्हणून त्याआधीच, १९७५मध्ये, पगारदारांवर व्यवसाय कर बसवला. शहरात ज्याच्या हाताला काम आहे, त्याने गावात ज्याच्या हाताला नाही त्याची मजुरी उचलायची, असा हिशेब या राज्याने एकदा करून दाखवलाय.

आता लाईनवर एआयचा कॅमेरा येतोय. पार्ट बघतो, खोट काढतो, चहाला जात नाही. समजा, क्वालिटीतली चार पोरं त्याच्यामुळे घरी बसली. त्यांची वर्षाची १०,००० रुपये पीटी बुडाली. कॅमेरा ती भरतो का? उलट त्याच्यावर घसारा लावून कंपनी आपला आयकर कमी करून घेते. आणि ती पोरं? शहरातल्या भाड्याच्या खोलीत. रोजगार हमी तिथं पोचतच नाही, ती ग्रामीण भागापुरती!

कॅमेरा फोडा, असं आम्ही म्हणत नाही. आठ तास ट्यूबलाइटखाली डोळे फोडून घेण्याचं काम यंत्राने खुशाल करावं.

पण माणसाचं काय? कामगारकपात होईल असं नवं तंत्र आणण्याआधी २१ दिवसांची नोटीस द्यायची, हे १९४७च्या औद्योगिक विवाद कायद्यात होतं, २०२०च्या औद्योगिक संबंध संहितेतही आहे. ठेकेदाराच्या माणसाला मात्र ‘उद्यापासून येऊ नको’ एवढ्यावर भागवतात. कपातीसाठी सरकारची परवानगी घेण्याची अट तर १०० कामगारांवरून ३००वर नेऊन ठेवली. शेतीतल्या एआयसाठी २०२५मध्ये ५०० कोटींचं धोरण आलं. येऊ द्या, शेतकरी आपलाच बाप आहे. पण कारखान्यातून सुटणाऱ्या हातांसाठी किती कोटी?

आमची मागणी अशी: ज्या जागेवरचा माणूस यंत्राने हलवला, त्या जागेचा कर कंपनीने भरावा. तो पैसा याच शहरात नवं काम शिकवायला आणि शिकेपर्यंत मजुरी द्यायला वापरावा. नोटीस कंत्राटी कामगारालाही मिळावी.

पुढची पावती हातात पडली की खातेप्रमुखाला विचारा, कॅमेऱ्याची कुठाय? हसेल तो. दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारा, चौघं मिळून.