पार्सलची अंडी रोज पाहू नका, पण पाहाल तेव्हा लिहून ठेवा



बाहेरगावाहून अंडी मागवून घरच्या उबवणी यंत्रात पिले काढण्याची हौस हल्ली आपल्या खेड्यांतही आली आहे. हौस चांगली आहे. पण तिच्यामागून जी भांडणे येतात त्यांविषयी आज लिहावेसे वाटते. पिले निघाली नाहीत की मागवणारा म्हणतो, "पाठवणाऱ्याने फसवले." पाठवणारा म्हणतो, "तुमचे यंत्रच बिघडलेले." बचत गटाचे पैसे मध्येच बुडतात आणि खरे काय झाले ते कोणालाच कळत नाही. माझे स्पष्ट मत असे की, याचा निवाडा अंडीच करतात. आपण त्यांना नीट विचारत नाही एवढेच.

आधी माझीच चूक सांगतो. मध्य प्रदेशातून कडकनाथाची दोन डझन अंडी मी मागवली होती. रोज रात्री झाकण उघडून बॅटरीच्या उजेडात प्रत्येक अंडे पाहायचे, असा माझा क्रम. पाचव्या दिवशी सहा अंड्यांत काही दिसेना, म्हणून ती खतखड्ड्यात टाकली. त्यातले एक फुटले. आत लाल दोऱ्यांचे जाळे होते आणि मधला ठिपका अजून हलत होता. त्या रात्री मला जेवण गेले नाही. गेली अनेक वर्षे कोंबड्या पाळणारी आमच्या शेजारची आजी एवढेच म्हणाली, "फादर, खुडूक कोंबडी रोज अंडं फोडून बघते काय?"

प्रवास केलेले अंडे घरच्या अंड्यासारखे नसते. अंड्याच्या रुंद टोकाला हवेची पोकळी असते. गाडीच्या हिसक्यांनी तिचे आतले पापुद्रे सुटतात आणि उजेडात धरले की ती पोकळी पाण्याच्या बुडबुड्यासारखी इकडेतिकडे सरकताना दिसते. म्हणून पार्सल उघडल्याबरोबर अंडी यंत्रात घालू नयेत. निमुळते टोक खाली करून, पुठ्ठ्याच्या ट्रेमध्ये, सावलीच्या गार जागी एक दिवस उभी ठेवावीत. पोकळी सुटलेली अंडी यंत्रातही तशीच उभी ठेवून पहिले दोन-तीन दिवस फिरवू नयेत. नंतर ट्रेच एकदा या बाजूला, एकदा त्या बाजूला कलता करावा.

दुसरे नुकसान उन्हाचे. साधारण २०-२१ अंशांच्या वर अंड्यातला गर्भ थोडाथोडा वाढू लागतो. एप्रिल-मे महिन्यांत पार्सल दोन-तीन दिवस तापलेल्या डब्यात राहिले की तो अर्धवट वाढतो आणि मरतो. तेव्हा उन्हाळ्यात अंडी मागवूच नयेत, असे मी म्हणेन. पावसाळा संपल्यावर मागवा.

आता तपासणीचे. एकवीस दिवसांत तीनदा पाहणे पुरे: सातव्या, चौदाव्या आणि अठराव्या दिवशी. तपकिरी कवच असेल तर पहिली तपासणी दहाव्या दिवशी करावी, आतले लवकर दिसत नाही. बुटांच्या खोक्याला अंड्यापेक्षा लहान भोक पाडून आत एलईडी बॅटरी ठेवली की काम भागते. जुना पिवळा बल्ब अंडे तापवतो. खोली काळोखी हवी. सातव्या दिवशी कोळ्यासारख्या शिरा आणि मध्ये काळा ठिपका दिसला तर अंडे जिवंत. नुसते लाल कडे दिसले तर गर्भ धरून मेला. चौदाव्या दिवशी बरेचसे अंडे काळे दिसते. अठराव्या दिवशी हवेची पोकळी सोडून सारे भरलेले असते. त्यानंतर फिरवणे बंद, आणि झाकणही उघडू नये. संशय असलेल्या अंड्यावर पेन्सिलीने प्रश्नचिन्ह करून ते पुढच्या तपासणीपर्यंत राहू द्यावे. फक्त घाण वास येणारे किंवा पाझरणारे अंडे ताबडतोब काढावे. ते आत फुटले तर बाकीच्यांचाही नाश होतो.

निवाडा इथेच होतो. पहिल्या तपासणीत बाद ठरलेली अंडी बशीत फोडून पाहा. बलकावर काहीच वाढ नसेल तर अंडे बहुधा फलितच नव्हते. पुष्कळ अंड्यांत लाल कडी असतील तर प्रवासाचा, उन्हाचा किंवा सुरुवातीच्या उष्णतेचा दोष. अठरा दिवस वाढून पिले कवचातच मेली असतील तर बहुतेक वेळा आपल्या यंत्राची उष्णता, ओलावा किंवा फिरवणे चुकले. पंख्याच्या यंत्रात ३७.५ अंश सेल्सिअस हवे. शेवटचे तीन दिवस ओलावा वाढवावा लागतो.

आणखी एक खात्रीची युक्ती. पार्सलच्या अंड्यांबरोबर त्याच दिवशी घरच्या कोंबडीची सहा ताजी अंडी खूण करून ठेवा. घरची फुटून पिले निघाली आणि पार्सलची नाही, तर यंत्राला दोष देता येत नाही. दोन्ही गेली, तर पाठवणाऱ्याला फोन करण्याआधी आपला थर्मामीटर तपासा. पार्सलच्या अंड्यांतून निम्मी पिले निघाली तरी मी समाधान मानतो.

आरोग्याची एक गोष्ट. सात दिवस उबेत राहिलेली "कोरी" अंडी काही घरांत मुलांना तळून देतात. असे करू नका. उबेत जंतू झपाट्याने वाढतात. ती पुरून टाकावीत आणि हात साबणाने धुवावेत.

मी वापरतो ती वही चर्चच्या कार्यालयात ठेवली आहे. तारीख, अंड्याचा नंबर, तीन तपासण्यांचे रकाने आणि शेवटी "फोडून काय दिसले" असा एक रकाना. रविवारी मिस्सेनंतर येऊन उतरवून घ्यावी. त्या सहा अंड्यांची नोंदही तीत आहे.